यंत्र, विद्युत, स्थापत्य किंवा खाणकाम या शाखांत मुलींना खरोखर भवितव्य आहे का?

होय, निश्चितपणे आहे. वयाच्या अठराव्या वर्षी वैधव्य आल्यावर, तान्ह्या मुलीला सांभाळत मद्रासच्या गिंडी महाविद्यालयातून विद्युत अभियांत्रिकी पूर्ण करणाऱ्या ए. ललिता यांनी पुढे कलकत्त्यात नोकरी करताना भाक्रा-नांगल धरणाशी निगडित वीजवाहिन्यांवर काम केले. तेही १९४०-५०च्या दशकांत, जेव्हा कारखान्यात स्त्री अभियंता दिसणे जवळजवळ अशक्यच होते.

मला अधिक मोलाचे वाटते ते शकुंतला भगत यांचे उदाहरण. १९५३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून स्थापत्य अभियंता झालेल्या भगत यांनी आयआयटी मुंबईत अध्यापन केले आणि यंत्र अभियंता असलेल्या पतीसह 'क्वाड्रिकॉन' ही कंपनी स्थापून, ठरावीक मापाचे पोलादी भाग जुळवून कमी वेळात पूल उभारण्याची पद्धत विकसित केली. डोंगराळ भागात, जिथे अवजड सामग्री नेणेच कठीण, तिथे ती विशेष उपयोगी ठरली. महाराष्ट्रातील विद्यार्थिनींना त्यांचे नाव सहसा ठाऊक नसते, याची खंत वाटते.

खाणकामात मात्र अडसर कायद्याचाच होता: १९५२च्या खाण कायद्याने स्त्रियांना भूगर्भात काम करण्यास मनाई केली होती. २०१९ साली तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांसाठी, लेखी संमती घेऊन आणि दिवसपाळीत, ती शिथिल करण्यात आली. त्यामुळे ही शाखा निवडताना प्रत्यक्ष खाणीतील कामाच्या संधीची चौकशी प्रवेशापूर्वीच करावी.