मुलींची फुटबॉल टीम सुरू करताय? आधी एवढंच बघा

ताई, दहा-बारा मुली जमल्यात ना, मग गोल्फ क्लब मैदानावर सुरू करा बिनधास्त. पालक "पुढे काय" विचारतीलच, तर सांगा की १९९१ च्या पहिल्या महिला वर्ल्डकपला १२ टीम होत्या, २०२३ ला ३२, आणि आपल्या पोरींनी २०२५ मध्ये थायलंडला २-१ हरवून एशियन कप गाठला.

- दहा वर्षांच्या मुलींना ४ नंबरचा बॉल, ५ चा नको
- रांगेत उभं करून एकेक किक, ही सगळ्यात कॉमन चूक, निम्मा वेळ गप्पांत जातो. त्यापेक्षा चार विरुद्ध चार खेळवा, गोलला चपला ठेवल्या तरी चालतं
- गोलकीपर आळीपाळीने, जाड मुलगी दिसली की उभी केली असं नको

फॉर्मेशन बिर्मेशन नंतर बघू. आणि अंधाराच्या आत सोडा, नाहीतर आया पाठवणार नाहीत.