परदेशात सतत परके म्हणून उठून दिसण्याची कधी सवय होते का?

तुम्ही विचारले आहे की, परदेशात राहायला येऊन आठ महिने झाले तरी रस्त्यात, बसमध्ये, दुकानात लोकांच्या नजरा तुमच्याकडे वळतात. याची कधी सवय होते का, आणि नजरेत न भरण्यासाठी काही करता येते का. माझ्यासारखी दिसणारी माणसे जिथे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, अशा देशात मी अकरा वर्षे राहते आहे. या काळात नजरा थांबलेल्या नाहीत, आणि त्या थांबाव्यात म्हणून मी केलेली धडपड बहुतेक वाया गेली. मात्र ज्या ठिकाणी आपले रोजचे जाणे-येणे असते, तिथे आपल्याला नावानिशी ओळखणारी माणसे जोडता येतात, आणि तुमच्या अंगातली शक्ती तुम्ही त्यासाठीच राखून ठेवावी असे मला मनापासून वाटते.

हे सगळे तुमच्या मनाचे खेळ आहेत, असे तुम्हाला कोणीतरी सांगेलच. त्यात थोडे तथ्य आहे. कॉर्नेल विद्यापीठातील टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना लाज वाटेल असे चित्र असलेला टी-शर्ट घालून इतरांच्या खोलीत पाठवले होते. खोलीतल्या जवळपास निम्म्या लोकांच्या ते लक्षात आले असेल, असा त्या विद्यार्थ्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात सुमारे पाव लोकांनीच ते चित्र टिपले होते. पण ते विद्यार्थी त्याच घोळक्यातले होते आणि खोलीबाहेर पडल्यावर त्यांना तो टी-शर्ट उतरवता येत होता. आपला चेहरा आणि आपले उच्चार उतरवून ठेवता येत नाहीत. त्यामुळे निम्म्या नजरा भासमान असतील असे धरले, तरी उरलेल्या निम्म्या खऱ्याच असतात, आणि त्या जाणवल्या म्हणून स्वतःला हळवे ठरवण्याचे काहीच कारण नाही.

या नजरेत नेमके काय खुपते, हे मला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या 1963 सालच्या मांडणीमुळे उमगले. दोन अनोळखी माणसे समोरासमोर आली की क्षणभर एकमेकांकडे पाहतात आणि लगेच दृष्टी दुसरीकडे वळवतात. ‘तू दिसलास, तुझ्यापासून मला धोका नाही, आता तू तुझ्या वाटेने जा’ एवढे त्यात न बोलता सांगून होते. परक्या माणसाच्या वाट्याला ही दृष्टी वळवण्याची क्रिया थोडी उशिरा येते. तो उशीर एखाद्या सेकंदाचा असतो, पण दिवसभरात तो चाळीस वेळा सोसला की संध्याकाळी माणूस विनाकारण थकून जातो. तुम्ही लिहिलेला थकवा हाच असावा.

तरीही प्रत्येक नजर सारखी नसते. पहिल्या वर्षी बसमध्ये समोरच्या आसनावरून एक चार-पाच वर्षांची मुलगी तोंड उघडे ठेवून माझ्याकडे एकटक पाहत होती. तिच्या आईने हनुवटीला धरून तिचा चेहरा खिडकीकडे वळवला, आणि आईच्याच कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मी त्या मुलीला बोटे हलवून दाखवली. तिनेही हलवली, आणि आईने सुटकेचा श्वास सोडला. त्या नजरेत नुसते कुतूहल होते. पण तुमच्या वर्णनात ठरावीक थांब्यावर मुद्दाम अंगावर येऊन पाहणाऱ्या माणसाचा उल्लेख आहे. तिथे हसू नका आणि समजूतदारपणाही दाखवू नका. इतर माणसे असतील तिथे जाऊन उभे राहा, आणि तो पाठलाग करत असेल तर तक्रार करा.

आता ओळखीविषयी. आमच्या कार्यालयात माझ्याच देशातली आणखी एक सहकारी होती, माझ्याहून वीतभर उंच आणि आखूड केसांची. तरी वर्षभर तिच्या कामाबद्दल लोक माझे आभार मानत आणि माझ्या चुकांचा जाब तिला विचारत. मला ते अपमानास्पद वाटे. पुढे लक्षात आले की मीसुद्धा दोन स्थानिक सहकाऱ्यांची सुरुवातीचे दोन महिने सतत गल्लत करत होते. आपल्या सवयीबाहेरच्या वंशाचे चेहरे एकमेकांपासून वेगळे ओळखणे कठीण जाते, हे मॅलपास आणि क्रॅविट्झ या संशोधकांनी 1969 मध्येच प्रयोगांतून दाखवले होते. ही खोट जन्मजात नसते. कोरियात जन्मून लहानपणीच युरोपात दत्तक गेलेल्या लोकांवर 2005 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, मोठेपणी त्यांना युरोपीय चेहरेच अधिक नीट ओळखता येत होते. डोळ्याला वळण लागते ते रोज समोर येणाऱ्या माणसांमुळे.

म्हणून मी एक साधी गोष्ट केली: जाण्याच्या जागा कमी केल्या आणि वेळा ठरवून घेतल्या. एकच वाचनालय, एकच बस, पोहण्याचा एकच तलाव, आणि शक्य तितकी तीच वेळ. पोशाख बदलून किंवा मान खाली घालून चालण्याने मला काडीचाही फायदा झाला नव्हता, याने झाला. माझ्याशी मोठ्याने आणि तुटक बोलणाऱ्यांना मी त्यांच्याच भाषेत, चुका झाल्या तरी चालतील, पण पूर्ण वाक्यात उत्तर देऊ लागले. दोन-तीन वाक्यांत त्यांचा आवाज आपोआप खाली येतो.

यात एक अनपेक्षित देणगीही आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ गेऑर्ग झिमेल यांनी 1908 मध्येच नोंदवले होते की, समाजात राहूनही त्याच्या नात्यागोत्यांत न गुंतलेल्या परक्या माणसाजवळ लोक आपली गुपिते मोकळी करतात. वाचनालयातल्या एका वयस्कर बाईंनी भावाशी तुटलेल्या संबंधांची हकिगत मला सांगितली; तिथल्या एकाही मैत्रिणीला ती ठाऊक नव्हती. मी त्या गावची असते, तर ती माझ्यापर्यंत आली नसती.

बसमध्ये नवा प्रवासी चढला की तो आजही माझ्याकडे पाहतो, आणि एखाद्या थकलेल्या दिवशी ते मला आजही टोचते. पण गेल्या महिन्यात मला निघायला उशीर झाला आणि मी धावत कोपऱ्यावर आले, तेव्हा बस थांब्यावरच उभी होती. चालकाने मला आरशात लांबूनच ओळखले होते आणि दार उघडे ठेवले होते.