फ्लॅटचे नंतर पाहू. आधी साहेबांचे पैसे आपल्या खात्यातून बाहेर काढा

छत्रपती संभाजीनगरातील एका उद्योजकाच्या बंगल्यावर सात वर्षांपासून बटलर असलेल्या, मूळच्या अंबड तालुक्यातील 36 वर्षांच्या वाचकाचे पत्र आले आहे. पगार 45,000 रुपये आहे, पत्नी व दोन मुलांसह राहणे आणि जेवण बंगल्याच्या आवारातच होते आणि गावी आई-वडिलांना दरमहा 10,000 रुपये जातात. बीड बायपासजवळचा 45 लाखांचा फ्लॅट त्यांनी 51,000 रुपये देऊन धरून ठेवला आहे आणि बँक 36 लाखांचे कर्ज देण्यास तयार आहे. हे कर्ज 20 वर्षांसाठी घ्यावे की 25, एवढेच त्यांना विचारायचे आहे.

दोन्ही नको, असे माझे उत्तर आहे. साडेआठ टक्के दराने 20 वर्षांचा हप्ता सुमारे 31,000 आणि 25 वर्षांचा 29,000 येतो. महिन्याच्या दोन हजारांच्या सवलतीसाठी एकूण व्याज 39 लाखांवरून 51 लाखांवर जाते. कोणताही हप्ता धरला, तरी गावचे पैसे आणि विम्याच्या वार्षिक एक लाखाच्या हप्त्याचा महिन्याचा वाटा वजा जाता महिनाअखेर खाते उणे होते. फ्लॅटचे 12,000 भाडे येईल, ही आशा भाडेकरू टिकला तरच खरी. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक या औद्योगिक नगरीमुळे पाच वर्षांत भाव दुप्पट होतील, असे एजंटाने आपणांस सांगितले आहे. म्हणजे सलग पाच वर्षे दरसाल जवळजवळ पंधरा टक्के वाढ. असे कोणी लेखी देत असेल तर मला कळवावे.

परंतु पत्राच्या मध्यावर आपण सहज लिहून गेलेले एक वाक्य मला या फ्लॅटपेक्षा कितीतरी गंभीर वाटते: “घरखर्चाचे तीन-साडेतीन लाख साहेब दरमहा माझ्या खात्यात टाकतात, कधी रोख देतात ती मी भरतो, त्यातूनच सगळ्यांचे भागवतो आणि माझा पगारही वळता करून घेतो.” आपले स्वतःचे उत्पन्न वर्षाला 5.4 लाख आहे आणि खात्यात वर्षाला जमा होतात सुमारे 40 लाख. बँकेने आपली पत पाहिली ती या 40 लाखांवर, आणि म्हणूनच 45,000 पगाराच्या माणसाला 36 लाखांचे कर्ज देऊ केले. ती पत आपली नाही.

किराणा, भाजी, दूध, माळी, स्वयंपाकी, दोन मोलकरणी, चालक यांचे पैसे चुकते करणे, तिघांकडून दर मागवून पडदे-गालिचे धुऊन घेणे, चांदीची भांडी मोजून कपाटात ठेवणे, पाहुण्यांची बडदास्त, साहेबांचे प्रवासाचे सामान, या सगळ्याचे आपण केलेले वर्णन वाचून आपल्या कामाबद्दल आदर वाटला. इंग्लंडमधील मोठ्या घरांत मद्याच्या तळघराची किल्ली, चांदी आणि हाताखालचे नोकर ही बटलरची जबाबदारी असे. आज त्यात घराचे अंदाजपत्रक आणि पुरवठादारांशी व्यवहार यांची भर पडली आहे. मात्र खर्चाचा हिशेब ठेवणे हे बटलरचे कर्तव्य असले, तरी तो पैसा स्वतःच्या नावाने बाळगणे हा त्या कर्तव्याचा भाग नाही. ज्या मोगल व्यवस्थेने औरंगाबादेतून दख्खनचा कारभार पाहिला, तिच्यातही बादशाही कोठ्या आणि कारखाने मीर-सामानाकडे असत व त्यांच्या पैशाची बाजू दिवाण-ए-बुयुतात हा दुसरा अधिकारी पाहत असे. वस्तू सांभाळणारा आणि पैसा तपासणारा वेगळा ठेवण्यात अविश्वास नसतो. सांभाळणाऱ्यालाच त्यातून संरक्षण मिळते.

आपणांस ते संरक्षण आज अजिबात नाही. बचत खात्यात वर्षभरात 10 लाख किंवा अधिक रोख भरली गेली, की बँक ती माहिती आयकर विभागाला कळवते. आपण विवरणपत्र कधीच भरलेले नाही. आपल्या पगारावर कर लागत नाही हे खरे, कारण नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट मिळून कर शून्य होतो. पण उत्पन्न 4 लाखांच्या मूळ मर्यादेपलीकडे असल्याने विवरणपत्र भरावेच लागते. उद्या नोटीस आली, तर हे 40 लाख आपले नव्हेत हे सिद्ध करण्याचा भार आपल्यावर पडेल, आणि आपल्याकडे आहे फक्त एक वही, जिच्यावर साहेबांची एकही सही नाही. त्याहून वाईट शक्यता अशी, की साहेबांच्या पश्चात कुटुंबात वाद झाला आणि कोणी त्या वहीकडे बोट दाखवले, तर नोकराने केलेल्या विश्वासघाताला भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपण प्रामाणिक आहात याबद्दल मला शंका नाही, पण कागद आपल्या बाजूने बोलत नाही.

याच उलाढालीने आपल्या गळ्यात पॉलिसीही पडली. बँकेच्या प्रतिनिधीने आपल्याला श्रीमंत ग्राहक समजून दहा वर्षे दरसाल एक लाख भरा व विसाव्या वर्षी 21 लाख घ्या, अशी योजना विकली आणि अर्जात आपले उत्पन्न 25 लाख लिहिले, जे आपण न वाचता सही करून मान्य केले. या योजनेचा परतावा पाच टक्क्यांच्या आसपास आहे. तेच हप्ते पीपीएफमध्ये भरून खाते पुढे वाढवले आणि आजचा 7.1 टक्के दर टिकला असे धरले, तर विसाव्या वर्षी सुमारे 29 लाख होतात. साडेपाच लाख कमावणाऱ्याला अशी पॉलिसी विकणाऱ्यांबद्दल माझ्याकडे सौम्य शब्द नाहीत. दोन हप्ते गेले आहेत. तिसरा भरण्यापूर्वी सरेंडर (पॉलिसी मोडून पैसे घेणे) आणि पेड-अप (पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी कमी रकमेवर चालू ठेवणे) केल्यास काय मिळेल हे कंपनीकडून लेखी मागवा, अर्जातील खोट्या उत्पन्नाची तक्रार बँक व विमा कंपनी दोघांकडे करा, आणि दाद न मिळाल्यास पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात जा. तिथे शुल्क लागत नाही.

साहेबांशी बोलणे अवघड जाईल, हे मी जाणतो. तक्रार म्हणून न मांडता कामाची शिस्त म्हणून मांडावे, आणि कंपनीच्या अकाउंटंटना सोबत घ्यावे. घरखर्चाचे खाते साहेबांच्या नावाने वेगळे असावे, मोठ्या पुरवठादारांना आणि नोकरांना पैसे तेथूनच जावेत, आपल्या हाती 40-50 हजारांची ठरावीक आगाऊ रक्कम असावी, जी बिले दिल्यावर पुन्हा भरली जाईल, आणि महिन्याच्या हिशेबावर साहेबांची सही असावी. पगार ठरलेल्या तारखेला बँकेतून यावा व कामांची यादी असलेले नियुक्तीपत्र मिळावे. मागील वर्षांच्या रकमा घरखर्चासाठी दिल्या होत्या, असे साहेबांचे सही केलेले पत्र मात्र या सगळ्याच्या आधी घ्या आणि ते घेऊन सनदी लेखापालाकडे जा.

आणखी एक गोष्ट आपल्या पेशात विसरली जाते. नोकरी सुटते त्याच दिवशी घर आणि जेवणही सुटते, आणि खासगी घरातील नोकरीला भविष्य निर्वाह निधी आपोआप लागू होत नाही. त्यामुळे आपली चार लाखांची ठेव फ्लॅटच्या पहिल्या रकमेत घालू नका. भाडे, अनामत आणि सहा महिन्यांचे पोट यांसाठी ती जेमतेम पुरेल. 50 लाखांचा साधा मुदत विमा घ्या आणि त्या अर्जात खरे उत्पन्न स्वतःच्या हाताने लिहा. दोन वर्षे पगार बँकेतून आला आणि विवरणपत्रे भरली गेली, की आपल्या खऱ्या उत्पन्नावर किती कर्ज मिळते ते पाहून लहान घराचा विचार करता येईल.

बिल्डरशी करारनामा अद्याप नोंदवलेला नाही, असे आपण लिहिले आहे. तेव्हा आणखी एकही रुपया न देता, बुकिंग रद्द करून 51,000 परत मिळावेत असे पत्र याच आठवड्यात द्या व त्याची पोच घ्या. बँकेलाही कर्जाचा अर्ज मागे घेत असल्याचे लेखी कळवा.