आरोपी दोषी ठरला, पण शिक्षा नावापुरतीच

प्रश्न : २०१९ मध्ये बांधाच्या वादातून भावकीतल्या एकाने माझ्या वडिलांच्या हातावर कुदळ मारली. हाड मोडले, मनगट अजून नीट वळत नाही. दोषारोप भारतीय दंड संहितेच्या कलम ३२६ चा (घातक हत्याराने गंभीर दुखापत) होता. न्यायदंडाधिकाऱ्यांनी कलम ३२५ (साधी गंभीर दुखापत, हत्याराविना) खाली दोषी धरून न्यायालय उठेपर्यंत कैद आणि दहा हजार दंड केला. त्यातले पाच हजार वडिलांना भरपाई. निकालाला वीस दिवस झाले. शिक्षा वाढवण्यासाठी आम्हाला अपील करता येईल का?

उत्तर : शिक्षा कमी झाली एवढ्याच कारणावर वडिलांना अपील करता येत नाही. तो अधिकार राज्य सरकारचा आहे : जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३७७, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४१८. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये परविंदर कन्सल प्रकरणात हेच सांगितले. ज्याने मार खाल्ला त्याला सरकारच्या तोंडाकडे बघावे लागते, हे मला पटत नाही.

पण तुमच्या पत्रातच वाट आहे. आरोपी सुटला, कमी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरला किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर पीडिताला स्वतः सत्र न्यायालयात अपील करता येते. यातल्या शेवटच्या दोन्ही गोष्टी तुमच्याकडे आहेत. कलम ३२६ का टिकले नाही, कुदळ घातक हत्यार का मानली नाही, याची कारणे निकालपत्रात शोधा. डॉक्टरांची साक्ष, एक्स-रे आणि कुदळीचा जप्ती पंचनामा त्यांच्याशी ताडून पाहा. अपिलाचा खरा जोर इथे आहे. भरपाईसाठी औषधोपचाराची बिले आणि अपंगत्वाचा दाखला जोडा. प्रत्येक फौजदारी खटल्यात भरपाईचा विचार झालाच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अंकुश गायकवाड प्रकरणात बजावले आहे.

सोबत सहायक सरकारी अभियोक्त्यांना लेखी अर्ज द्या की सरकारने शिक्षावाढीचे अपील करावे. अर्जाची पोच घ्या. सत्र न्यायालयात त्या अपिलाची मुदत तीस दिवसांची आहे आणि प्रस्ताव मंजूर होण्यात वेळ जातो. सरकार हलले नाही, तर शिक्षेपुरता पुनरीक्षण अर्ज (निकाल वरच्या न्यायालयाने तपासून पाहावा, असा अर्ज) वडिलांना नव्वद दिवसांत करता येईल.

दोन गोष्टी आधीच समजून घ्या. प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपेक्षा जास्त कैद देऊ शकत नाहीत, आणि त्यांच्या निकालावरच्या अपिलातही शिक्षा त्यापुढे जात नाही. दुसरे, शिक्षा वाढवण्यापूर्वी आरोपीला ऐकावेच लागते आणि त्या वेळी तो निर्दोष सोडण्याचीही मागणी करू शकतो. म्हणून पुरावा कच्चा असेल तर वकिलांशी मोकळेपणाने बोलून मगच पाऊल टाका.

निकालाच्या प्रमाणित नकलेसाठी आजच अर्ज करा. नक्कल तयार होण्यात गेलेले दिवस मुदतीतून वगळले जातात, अर्जाआधी वाया गेलेले नाहीत. वडिलांचे अपीलही तीस दिवसांच्या आतच दाखल करा.