इओसिनोफिल, इस्नोफिलिया आणि ‘रागी’ पेशी

विचारलंय असं: मुलाच्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये ‘इओसिनोफिल ९ टक्के’ आलं आणि आजी म्हणतात, ‘याला इस्नोफिलिया झालाय’. हा शब्द बरोबर आहे का? आणि मराठीत रक्तातल्या या पांढऱ्या पेशींना ‘इओसिनरागी’ म्हटलेलं आढळतं, तर त्या कशावर रागावतात?

त्या रागावत नाहीत. इथला ‘राग’ संस्कृत ‘रञ्ज्’ धातूतला, म्हणजे रंग, लाली, ओढ. ‘अनुराग’मध्ये आहे तोच. रोजच्या मराठीत तो बहुतेक संतापापुरता उरला, म्हणून घोटाळा होतो. १८७९ साली जर्मन वैद्यक पाउल एर्लिक रक्त काचेवर पसरून रंगवत होते. काही पांढऱ्या पेशींमधले कण इओसिन हा आम्लधर्मी रंग ओढून घेत आणि लालकेशरी दिसत. इओसिनचं नाव ग्रीकांच्या पहाटेच्या देवतेवरून, इओसवरून आलंय. इओस आणि आपली वेदांतली उषस् एकाच मूळ शब्दापासून निघाल्या आहेत! ‘फिल’ म्हणजे ओढ असलेला. तेव्हा ‘इओसिनरागी’ हा प्रतिशब्द अगदी नेमका आहे, मला तो फार आवडतो. बोलताना मात्र इओसिनोफिलच म्हणावं.

हे कण रंग ओढतात, कारण त्यांच्यात तीव्र अल्कधर्मी प्रथिनं ठासून भरलेली असतात, आणि तीच या पेशींची हत्यारं. जंत इतका मोठा असतो की कुठल्याच पेशीला तो गिळता येत नाही. मग या पेशी त्याला चिकटतात आणि कणांतला ऐवज त्याच्या अंगावर ओततात. प्रयोगशाळेत शिस्टोसोमा या रक्तात राहणाऱ्या कृमीच्या अळ्या अशा मरताना दिसल्या आहेत. जिवंत शरीरात मात्र सगळ्याच जंतांवर ही मात्रा चालत नाही. ॲलर्जीच्या दम्यात समोर जंत नसतो, तरी इंटरल्यूकिन-५ या निरोप्या प्रथिनाच्या सांगाव्यावरून याच पेशी श्वासनलिकेत गोळा होतात आणि तीच प्रथिनं आपलंच अस्तर सोलून काढतात.

आता आजींचा शब्द. ‘इस्नोफिलिया’ हा उच्चार घरोघरी रुळलाय, त्याला माझी हरकत नाही. हरकत ‘झालाय’ला आहे. ताप जसा खूण आहे तशीच इओसिनोफिलची ही वाढ. मागे ॲलर्जी असेल, अंकुशकृमी असतील, एखादं औषधही असेल. अमीबाने सहसा ती होत नाही. मात्र हत्तीरोगाच्या कृमींमुळे काहींना रात्री खोकल्याची ढास आणि धाप लागते, दर मायक्रोलिटर रक्तात या पेशी अनेकदा ३,००० च्या वर जातात. त्याला ‘ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया’ म्हणतात आणि तो खराखुरा आजार आहे. आपल्याकडे हा शब्द आजाराचं नाव म्हणून रुजला तो यामुळेच असावा, असं मला वाटतं.

आणि ९ टक्के कशाचे, तेही बघा. तेवढ्याच रक्तात एकूण पांढऱ्या पेशी ५,००० असतील तर हे ४५० झाले, म्हणजे ठीक. साधारण ५०० पर्यंत चालतं. १२,००० असतील तर १,०८०. रिपोर्टमध्ये ‘ॲब्सोल्यूट इओसिनोफिल काउंट’ असेल तर तो आकडा डॉक्टरांना दाखवा. त्यांच्या बोलण्यातला ‘एईसी’ तो हाच.