नववीच्या मुलांचं गणित नेमकं कुठे कच्चं आहे, हे चाचणीतून कसं ओळखायचं? (ठाणे, राज्य मंडळ)

एकूण गुणांवरून ते कळत नाही. दहावीला भाग 1 आणि भाग 2 चे लेखी 40-40 गुण असतात. त्यात 22 मिळाले म्हणजे बीजगणित कच्चं की अपूर्णांक, हे त्या आकड्यात दिसत नाही.

10 प्रश्नांची, 30 मिनिटांची चाचणी काढा. कौशल्यं पाचच घ्या: ऋण संख्या, अपूर्णांक, विस्तारसूत्रं, समीकरण, शाब्दिक उदाहरण. प्रत्येकावर दोन प्रश्न, पण शेजारी-शेजारी नकोत. दोन्ही चुकले तर बहुधा संकल्पनाच कच्ची, एकच चुकला तर बहुधा घाई. कच्चं काम त्याच कागदावर करायला सांगा, खोडरबर नको. बहुपर्यायी प्रश्न तर मुळीच नकोत, अंदाजाने बरोबर आलेलं उत्तर फसवतं.

आकडे असे निवडा की चुकीचं उत्तरच कारण सांगेल. 2/3 + 1/4 चं उत्तर 3/7 आलं तर अंश-छेद सरळ मिळवलेत (बरोबर उत्तर 11/12). शाब्दिकसाठी: ठाणे ते सीएसएमटी 34 किमी, समजा लोकलला 51 मिनिटं लागली, तर सरासरी वेग? उत्तर ताशी 40 किमी. 66.67 आलं तर 51 मिनिटं म्हणजे 0.51 तास धरले. भागाकार येतो, एककं येत नाहीत. कागद कोरा असेल तर आधी उदाहरण मोठ्याने वाचून घ्या. पुष्कळदा अडचण भाषेची निघते, विशेषतः इंग्रजी माध्यमात.

नंतर प्रत्येकाला पाच मिनिटं विचारा, "हे कसं केलंस?" मध्येच दुरुस्त करू नका, मूल लगेच तुमच्या चेहऱ्यावरून उत्तर बदलतं.