मालकांच्या घरच्या कंपनीत माणसं चांगली, पगार वेळेवर, पण बढती नाही. सोलापुरात थांबावं की पुण्याला जावं?

तुम्ही लिहिलंय की टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात सहा वर्षं झाली, मालक जीव लावतात, हुद्दा मात्र पहिल्या दिवसाचाच. मीही अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टेरी टॉवेल युनिटमध्ये एक्स्पोर्टची कागदपत्रं बघायचो. पॅकिंग लिस्ट, इन्व्हॉइस, न्हावाशेवा बंदरात कंटेनर पोचेपर्यंतचे फोन, सगळं माझ्याकडं.

एकदा परदेशी बायरची तक्रार आली, टॉवेलचं जीएसएम, म्हणजे चौरस मीटरमागचं वजन, ठरल्यापेक्षा कमी भरतंय. नमुने कापून काट्यावर मी तोलले, उत्तराचा मेल मी लिहिला. व्हिडिओ कॉलला मात्र कॅमेऱ्यासमोर मालकांचा मुलगा, आणि मी बाजूला उभा राहून त्याला आकडे लिहिलेल्या चिठ्ठ्या सरकवतोय! पोरगा वाईट नव्हता. कॉल संपल्यावर 'तुमच्यामुळं वाचलो बघा' म्हणाला, चहा सांगितला. पण बायरला माझं नाव कधीच कळलं नाही.

अशा ठिकाणी तुमच्या वरची खुर्ची रिकामी होत नाही, ती घरातच राहते. त्यात तुम्ही कारखान्यात तेलुगू, ऑफिसात मराठी आणि मेलवर इंग्रजी सांभाळणारे असाल तर आणखी पंचाईत. ज्याच्यावाचून अडतं त्याला कोण जागचं हलवतंय? पगारवाढीचं विचारलं की दिवाळीनंतर बघू, मग गड्डा, म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा, होऊ दे, मग मार्च एंडिंग. कोपराला गूळ लावून ठेवायचा, बाकी काही नाही. आणि 'तू घरचाच आहेस की' हे वाक्य आम्ही फक्त रविवारी कामावर बोलवताना ऐकलं.

उचल घेतली आहे का? आपल्याकडं बरीच माणसं नोकरीला नाही, उचलीला बांधलेली असतात. लग्नाला, घराला मालक लगेच पैसे देतात, तो त्यांचा चांगुलपणा खराच. पण ती फिटेपर्यंत राजीनाम्याचं तोंडातून निघत नाही. आधी ती फेडा.

ग्रॅच्युइटी सोडू नका. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी सलग ५ वर्षं झाली की स्वतःहून राजीनामा दिला तरी ती मिळते. शेवटचं बेसिक आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. बेसिक १३,००० असेल, महागाई भत्ता वेगळा नसेल, तर सहा वर्षांचे ४५,००० होतात. पीएफचं पासबुक आजच उघडून बघा, पगारातून कापलेले पैसे भरलेत का ते कळेल.

पुणं म्हणजे लगेच सुटका नव्हे. तिथलं भाडं धरलं तर थोडीफार पगारवाढ त्यातच जाते. आमच्यातले काहीजण सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जाऊन इंटरव्ह्यू देऊन रात्री घरी यायचे, ऑफिसात सांगायचं देवाला गेलो होतो. मी सोलापुरातच दुसऱ्या एक्स्पोर्टरकडं गेलो. पगार फार वाढला नाही, पण बायरशी मी बोलतो, मेलखाली माझं नाव असतं.

मालकांना पगाराआधी हेच मागून बघा: एक बायर पूर्ण माझ्याकडं द्या. त्यावरही 'गड्ड्यानंतर' आलं, तर बायोडाटा पाठवायला लागा, आणि हातात ऑफर लेटर येईपर्यंत कारखान्यात कुणाजवळ बोलू नका.